‘मी करतो’ म्हणणारी बाई



मार्च उजाडला की आपल्या घरात वर्षाच्या डाळी, तिखट, हळद यांची बेगमी सुरू होते. नोकरी करणाऱ्या बाईच्या मागे त्याच वेळी ऑफिसातले अप्रेझलचे फॉर्मही लागतात. यंदा डाळींना ऊन दाखवून झालं, डबे भरून झाले आणि फॉर्मही वेळेत भरले. पण त्यातल्या एका फॉर्मनं माझी झोप उडवली. आज त्याबद्दलच लिहिते आहे. लिहिताना मला माझं फारसं चांगलं चित्र दिसत नाही, पण तुमच्यापाशी नाही लिहायचं तर कुठे?

आमच्या अकाउंट्स विभागात दीड वर्षापूर्वी मिझोरामची एक मुलगी आली. वय सव्वीस-सत्ताविसाच्या आसपास, कामाला चोख. तिच्या फॉर्ममध्ये ‘संवाद’ या रकान्यात मी लिहिलं, ‘बोलणं कमी. चेहऱ्यावर प्रतिसाद दिसत नाही. मीटिंगमध्ये पुढाकार घेत नाही.’ पाचपैकी दोन गुण दिले, सबमिट केलं आणि घरी आले. मनात कसलीही खळखळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी थापताना एकदम आठवलं. जवळजवळ हेच शब्द माझ्याबद्दलही कुणीतरी लिहिले होते!

तुमच्यातल्या सांगली-कोल्हापूरकडच्या बायकांना हे लगेच कळेल. माझं माहेर मिरजेजवळच्या खेड्यातलं. आमच्याकडे बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी उद्या येतो’ म्हणतात. आई तसंच बोलायची, मीही तसंच बोलायची. त्यात काही वेगळं आहे हे पुण्यात पहिल्या नोकरीला लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, हे स्टेटमेंट कोण करेल? मी उत्साहानं म्हटलं, “मी करतो सर.” सगळं टेबल हसलं. एक जण म्हणाला, “करतो की करते, आधी ठरवा!” साहेबही हसले. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण मैत्रिणींनो, त्यानंतर सहा महिने मी ‘मी’नं सुरू होणारं वाक्यच टाळलं. ‘होऊन जाईल’, ‘झालंय’, ‘टेबलावर ठेवलंय’. काम कुणी केलं हे वाक्यात येतच नसे. कारण ‘करते’ जिभेवर येत नव्हतं आणि ‘करतो’ म्हणायची लाज वाटत होती.

सहा महिन्यांनी कायम होण्याचं पत्र मिळालं. त्यासोबत साहेबांचा शेरा होता, ‘शांत स्वभाव. आत्मविश्वास कमी.’

आमच्याच विभागात कोल्हापूरचा एक मुलगा होता. बोलण्याचा बाज हुबेहूब माझाच. पण त्याला सगळे कौतुकानं ‘रांगडा गडी’ म्हणायचे. मोठ्यानं बोलला तर तो मोकळा, मी मोठ्यानं बोलले तर गावंढळ. तेव्हा मला याचा अर्थ लावता आला नाही, फक्त टोचत राहिलं.

पुढे सवयीनं ‘करते’ जमलं. बढत्या मिळाल्या. मग ब्रिटनमधल्या एका ग्राहक कंपनीचं काम माझ्याकडे आलं आणि दुसरा धडा मिळाला. तिकडून तक्रार आली की माझ्या ईमेल उद्धट असतात. मला रडूच आलं. मी कुणाला अरे-तुरे केलेलं नाही, आवाज चढवलेला नाही, मग उद्धट कशी? पुष्कळ दिवसांनी कोडं सुटलं. आपल्या मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘पाठव’ आणि ‘पाठवा’ यांतल्या एका काना-मात्रेत सगळं येतं. त्यावर ‘जरा’, ‘हं’, ‘बरं का’ लावलं की झालंच मऊ. इंग्रजीत पाठव आणि पाठवा याला शब्द एकच. तिथे नम्रता बाहेरून वेगळी जोडावी लागते, प्लीज म्हणून, शक्य आहे का असं विचारून. मी मनात ‘आज पाठवा हं’ म्हणत होते आणि तिकडे पोहोचत होतं, ‘आज पाठव’. माझा सगळा आदर वाटेतच गळून पडत होता.

पण यातही एक मेख होती. माझ्याआधी हे काम बघणारे गृहस्थ माझ्याइतक्याच तुटक ईमेल लिहायचे. त्यांच्याबद्दल तिकडचं मत होतं, मुद्द्याचं बोलतात. म्हणजे अर्धी चूक भाषेची होती. उरलेली अर्धी अशी, की बाईकडून, त्यातही परक्या रंगाच्या, परक्या नावाच्या बाईकडून जास्तीचा गोडवा अपेक्षित होता. पुरुषाला जे खपतं ते तिला खपत नाही.

त्या तक्रारीनंतर मला एका प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे ऐकलेली एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. जॉन गम्पर्झ नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी ती नोंदवून ठेवली आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांचं कॅन्टीन होतं. तिथे भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं कामाला लागल्या होत्या. थोड्याच दिवसांत सुपरवायझर आणि जेवायला येणारे हमाल दोघांचीही कुरकुर सुरू झाली, या बायका तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत. खरं तर त्या फारसं बोलतच नव्हत्या. ताटात पदार्थ वाढला की वर ग्रेव्ही हवी का, एवढंच विचारायचं. (तो पदार्थ आपल्या घरातला नव्हे, पण वाढणं सगळीकडे सारखंच.) ब्रिटिश बाई शेवटी सूर वर नेऊन विचारी, “ग्रेव्ही?” आपल्याकडची बाई सूर खाली आणून म्हणे, “ग्रेव्ही.”

बस, एवढाच फरक! ऐकणाऱ्याला वाटे, ‘ही ग्रेव्ही आहे’ असं मला काय सांगते? हवी तर घे, नाहीतर जा, असाच त्याचा अर्थ निघे.

मैत्रिणींनो, आपल्या बस्तीतल्या पूजेनंतरची पंगत आठवा. वाढपी ओळीनं येतात. “भात… भात…”, “आमटी… आमटी…”. सूर खालीच असतो ना? कुणाला तो उद्धटपणा वाटतो का? नाव घेतलं की विचारल्यासारखंच. नको असेल तर ताटावर आडवा हात धरायचा. त्या बायका परदेशातल्या कॅन्टीनमध्ये तेच करत होत्या. त्या आपल्या रीतीनं अगत्यच करत होत्या.

गम्पर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि सगळ्यांना एकत्र बसवून ऐकवलं. सुरुवातीला आपल्या बायकांना दोन्हींत फरकच कळेना. फरक दाखवून दिल्यावर मात्र इतके दिवस लोक आपल्यावर का चिडतात याचा उलगडा त्यांना झाला. तिकडे सुपरवायझरलाही कळलं की यांची विचारण्याची रीतच अशी आहे, मनात तुसडेपणा नाही. पुढे या प्रकारच्या कामावर बीबीसीनं १९७९ मध्ये ‘क्रॉसटॉक’ नावाचा कार्यक्रमही केला. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे फक्त बायकांना सुधारायला बसवलं नाही. त्या बायका आणि सुपरवायझर, दोघांनाही ऐकायला बसवलं.

घरी येऊन या गृहस्थांबद्दल आणखी वाचलं आणि थक्क झाले. ते आपल्या सांगलीकडे येऊन गेलेले! कुपवाड गावाच्या भाषांवर त्यांनी रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर लिहिलेला लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भाषाशास्त्र शिकणारे जगभर तो आजही वाचतात. आणि त्यात कोण आहेत, तर आपणच! कुपवाडातले घरात कानडी बोलणारे जैन शेतकरी, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे दोर वळणारे. शतकानुशतकं एका गावात राहून या भाषांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की शब्दाला शब्द ठेवत गेलं तरी एका भाषेतलं वाक्य दुसरीत नेता येई. शब्द मात्र प्रत्येकानं आपापले ठेवले. घरात आपली भाषा आणि चावडीवर बहुतेक मराठी. कुणी कुणाला तुझी बोली टाक असं म्हटलं नाही, आणि प्रत्येक जण थोडा थोडा वाकला.

माझी आज्जी घरात कानडीच बोलायची. कानडीत ‘मी’बरोबर येणाऱ्या क्रियापदाला स्त्री-पुरुष भेद नसतो. बाई असो वा बुवा, ‘मी करतो’ आणि ‘मी करते’ याला रूप एकच. आमच्याकडच्या बायकांच्या ‘मी आलो’वर त्याचीच सावली असावी असं मला वाटतं. म्हणजे पुण्यातल्या त्या टेबलावर ज्याला लोक हसले ती चूक नव्हती, आज्जीची ठेव होती. हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं. त्या गावातही मानपान, उच्चनीच होतंच, जमीन कुणाची आणि राबणारे कोण हे ठरलेलं होतं. त्याला मी रामराज्य म्हणणार नाही. पण एकमेकांचं बोलणं समजून घेण्यापुरती तरी त्यांनी वाट काढली होती.

इथवर वाचून वाटेल, म्हणजे सगळा गैरसमजच की! सूर समजावून सांगितला की झालं. पण तसंही नाही. त्याच काळातली ब्रिटनमधलीच दुसरी गोष्ट सांगते. जयाबेन देसाई हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. मूळच्या गुजरातच्या. आफ्रिकेतून लंडनला गेल्या आणि वायव्य लंडनमध्ये ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात लागल्या. तिथे बहुतेक कामगार आपल्याकडच्या बायका. लघवीला जायचं तरी परवानगी मागायची, आणि ऐनवेळी ओव्हरटाइम सांगितला की थांबायचं. १९७६ च्या ऑगस्टमध्ये घरी निघताना थांबायला सांगितलं, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि बाहेर पडल्या. त्यांचा संप जवळजवळ दोन वर्षं चालला. साडीवर कोट चढवून या बायका थंडीत दारापुढे उभ्या राहिल्या आणि देशभरातून हजारो कामगार त्यांच्या पाठीशी आले. १९७८ मध्ये संप मागे घ्यावा लागला, मागण्या पदरात पडल्या नाहीत. पण या बायका मुकाट्यानं सोसतील हा समज मात्र कायमचा गेला.

जयाबेननी मॅनेजरला काय सुनावलं ते प्रसिद्ध आहे. हा कारखाना नसून प्राणिसंग्रहालय आहे, आणि त्यात नुसती नाचणारी माकडं नसतात, सिंहही असतात, अशा अर्थाचं त्या बोलल्या. त्यांचं इंग्रजी काही साहेबी नव्हतं. तरी कुणाचा गैरसमज झाला का? अजिबात नाही!

म्हणून मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते. कॅन्टीनमधल्या बायकांचं म्हणणं पोहोचत नव्हतं. जयाबेनचं म्हणणं पोहोचत होतं, पण त्याला किंमत दिली जात नव्हती. पहिल्या ठिकाणी सूर समजावून सांगावा. दुसऱ्या ठिकाणी आपला सूर बदलत बसण्यात अर्थ नाही, तिथे ताठ उभं राहावं लागतं. आपण बायका बहुतेक वेळा उलट करतो. अपमान होत असला तरी ‘माझंच बोलणं चुकलं असेल’ म्हणत आणखी मऊ होतो.

आता परत त्या फॉर्मकडे येते.

भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली. मला मागच्या दिवाळीआधीची मीटिंग आठवली. आमच्या ऑफिसात हिंदीच जास्त चालते. ती मुलगी म्हणाली होती, “मैं करता हूँ.” सगळे हसले. मीसुद्धा हसले, मैत्रिणींनो. ‘करतो’ म्हटल्यावर सहा महिने गप्प झालेली मी, तिच्या ‘करता’ला हसले! तिच्या मिझो भाषेत क्रियापदाला लिंग नसतं, आमच्या आज्जीच्या ‘मी’ला नसे तसंच. एवढं एक वाक्य मी शोधून वाचलं असतं तर पुरे होतं.

त्या दिवशी ऑफिसात गेले आणि दुपारी तिला शोधलं, तर ती जिन्यात बसून डबा खात होती. तिथे का, हे विचारायची मला गरज नव्हती. ती नवी असताना तिच्या डब्याच्या वासावरून पॅन्ट्रीत कुजबुज झाली होती. तक्रार मी केली नव्हती. पण माझा डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलेली पहिली बाई मीच होते. माझा नियम माझ्या ताटापुरता. तो पाळायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण उठताना मी एक शब्द बोलले नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या पाठीकडे बघून बाकीचेही उठले. कंदमूळ वर्ज्य, रात्रीचं जेवण वर्ज्य, पाणी गाळून पिणारी मी. आणि एका लेकीला जिन्यात बसवणाऱ्यांत माझा हात होता. याला अहिंसा म्हणायचं का, हे तुम्हीच सांगा.

तिचं जेवण होईपर्यंत थांबले, मग चहा घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसले. आधी ती उठूनच उभी राहिली. पुष्कळ वेळ आम्ही आकड्यांबद्दलच बोललो. मग मी विचारलं, मीटिंगमध्ये का बोलत नाहीस? ती म्हणाली, “मॅडम, मी बोलले की लोक आधी माझा चेहरा बघतात, मग हसतात, मग आकडा ऐकतात. ईमेलमध्ये आकडा आधी दिसतो. म्हणून मी लिहून पाठवते.”

खरंच, तिच्या ईमेल होत्या. पुरवठादारांच्या खात्यात दोनदा गेलेली रक्कम तिनंच पकडली होती, मला लिहिलंही होतं. मीटिंगमध्ये ते दुसऱ्यानं सांगितलं आणि शाबासकी त्याला मिळाली. ती का बोलली नाही? तिच्याकडे एक शब्द आहे, ‘त्लॉमङाइना’. स्वतःचं न बघता दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं आणि त्याचा गाजावाजा करायचा नाही, हा तिथला मोठा संस्कार. आपल्याकडे गुप्तदानाला जो मान, तोच. आणि आमच्या फॉर्ममध्ये ‘आपल्या कामगिरीबद्दल लिहा’ हा रकाना तिनं दोन ओळींत संपवला म्हणून मी शेरा मारला, पुढाकार नाही!

बाकी गोष्टी तिनं सहज सांगितल्या, जणू रोजच्याच आहेत. रिक्षावाला विचारतो, कुठल्या देशाची? घरमालक विचारतो, रात्री कोण कोण येतं? ऑफिसात चेहऱ्यावरून ठेवलेलं एक नाव, जे मी इथे लिहिणार नाही. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत नीडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याला त्याच्या दिसण्यावरून डिवचलं गेलं, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर सरकारला ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांसाठी बेझबरुआ समिती नेमावी लागली. वंशभेद म्हटलं की आपण गोऱ्या साहेबाकडे बोट दाखवतो. तो आपल्या पॅन्ट्रीतही असतो. आणि बाई असली की त्याला दुहेरी धार येते. तिचा चेहरा परका आणि तिची वागणूक संशयाची.

फॉर्म परत मागायला गेले तर कळलं, सबमिट झालेला उघडत नाही. वरिष्ठांना लेखी कारण द्यावं लागतं. लिहिलं, ‘मूल्यमापन करताना माझी चूक झाली.’ सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं वाक्य पहिल्यांदाच लिहिलं. साहेब म्हणाले, “मॅडम, इमोशनल होऊ नका.” बघा, पुरुषानं फॉर्म बदलला की तो पुनर्विचार, बाईनं बदलला की भावना! मी दोनदा पैसे गेलेल्या व्यवहाराच्या तिच्या ईमेलची प्रत पुढे ठेवली आणि म्हटलं, “भावना नाही सर, तारीख बघा.” फॉर्म उघडला. पगारवाढीचं अजून ठरलेलं नाही, त्यामुळे सगळं गोड झालं असं लिहिता येत नाही.

क्षमावाणीला आपण घरोघर क्षमा मागतो. बहुतेक अशांची, ज्यांना आपण फारसं दुखावलेलं नसतं. यंदा मी दशलक्षणाची वाट पाहिली नाही. तिला म्हटलं, मी तुझ्यावर हसले होते, टेबलावरून उठले होते, दोन्हींबद्दल क्षमा कर. ती गोंधळली, मग हलकं हसली आणि म्हणाली, “मॅडम, ‘करता’ की ‘करती’, अजून चुकतं माझं.” मी म्हटलं, “चुकू दे. माझंही घरी अजून ‘करतो’च आहे.”

भाषा समिती आपण लहानपणापासून शिकतो. हितकर, मोजकं, गोड बोलावं. ती सगळी बोलणाऱ्यासाठी आहे असं मला वाटायचं. पण समवसरणात दिव्यध्वनी प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळत असे, हेही आपण ऐकत आलो आहोत. आपल्याकडे तसा ध्वनी नाही. म्हणून ते काम आपल्या कानांनाच करावं लागणार. समोरची ‘ग्रेव्ही’ म्हणाली, तर ती सांगते आहे की विचारते आहे, एवढं थांबून बघायचं. आणि जिथे ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं जातं तिथे, मग ते आपल्या बाबतीत असो वा दुसरीच्या, गोड बोलणं जरा बाजूला ठेवायचं.

तुमच्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात, ऑफिसात असं कुणी जिन्यात बसून जेवत असेल, तर उद्या एकदा बघून या. आणि काय झालं ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.